सूतिका, नवजात आणि पाठोपाठची भावंडे : पारिगर्भिक व्याधीचा व्यवहारातून पुनर्विचार

प्रास्ताविक

प्रसूतितंत्र आणि कौमारभृत्य हे विषय आपण महाविद्यालयात स्वतंत्रपणे अभ्यासतो आणि त्यांच्या परीक्षाही स्वतंत्रपणे देतो. व्यवसायात पडल्यावर मात्र लक्षात येते की घरामध्ये हे विषय असे विभागलेले नसतात. एका माजघरात बारा दिवसांची बाळंतीण असते, तिच्या कुशीत नवजात असते, आणि त्याच खोलीत दोन, चार, सात वर्षांची भावंडे दिवसभर वावरत असतात. वैद्याला बोलावणे येते ते बहुधा बाळंतिणीसाठी किंवा तान्ह्यासाठी. चिठ्ठीही त्या दोघांचीच लिहिली जाते. उरलेल्या मुलांकडे पाहण्याचे कारण कोणी सांगत नाही आणि आपणही विचारीत नाही.

प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच की, ज्या घरात नवजात आले आहे तेथे त्याच्या आधीच्या मुलाची तपासणी हा सूतिकापरिचर्येचाच भाग मानावा, हे वैद्यबंधूंच्या व औषधालय-चालकांच्या निदर्शनास आणावे. हा विचार मला ग्रंथवाचनातून सुचलेला नाही. तो माझ्या हातून झालेल्या एका चुकीतून आलेला आहे, म्हणून ती चूक प्रथम नमूद करतो.

रुग्णवृत्त

भोरहून वरंध घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला, नीरा-देवघर जलाशयाच्या परिसरात हिर्डोशी हे गाव आहे. बारा मावळांपैकी हिर्डस मावळ तो हाच. पर्जन्यमान मोठे, मुख्य पीक भाताचे, उतारावर नाचणी व वरी. बऱ्याच घरांतील कर्ते पुरुष पुण्या-मुंबईकडे नोकरीला असतात आणि शेतीचा भार मागे राहिलेल्या स्त्रियांवर व वृद्धांवर असतो.

काही वर्षांपूर्वी आषाढात, ऐन भातलावणीच्या दिवसांत, तेथील एका घरी जाण्याचा प्रसंग आला. बाळंतीण तीस वर्षांच्या आतली. चौथे बाळंतपण, रुग्णालयात सुखरूप झालेले. तक्रार ‘दूध पुरत नाही, कंबर धरते’ अशी. आधीची तीन मुले अशी : सात वर्षांची मुलगी, साडेचार वर्षांचा मुलगा, आणि वीस महिन्यांचा आणखी एक मुलगा. पहिले बाळंतपण माहेरी झाले होते आणि तेव्हा सव्वा महिना खाटेवरून उतरू दिले नव्हते, असे सासूबाईंनी अभिमानाने सांगितले. या खेपेस मात्र बारसे होताच बाळंतीण चुलीपुढे बसली होती. घरातील सगळी धडधाकट माणसे इरली घेऊन शेतावर, शाळेत जाणारी मुलगी शाळा बुडवून तान्ह्याला मांडीवर घेऊन, आणि वीस महिन्यांचे पोर उंबऱ्याशी बसून किरकिरत होते.

मी नाडी पाहिली, स्तनपरीक्षण केले, तान्ह्याचे वजन पाहिले. दशमूलारिष्ट, शतावरी कल्प व अभ्यंगासाठी बला तैल लिहिले. निघताना आजीबाई त्या किरकिऱ्या मुलाकडे बोट दाखवून म्हणाल्या, “वैद्यबुवा, ह्याला जंत झालेत, पोट बघा केवढं सुटलंय.” पोट खरोखरच पुढे आलेले होते. मी विडंगचूर्णाच्या पुड्या बांधून दिल्या. त्याचे झबले वर करून पाहिले नाही, पाय दाबून पाहिले नाहीत, दंडाचा घेर मोजला नाही.

दहा दिवसांनी तेच पोर माझ्यासमोर आले तेव्हा चेहरा सुजलेला होता, केस विरळ व तांबूस झाले होते आणि पावलांवर बोट दाबले की खळगा राहत होता. दंडाचा घेर ११.३ सें.मी. भरला. अन्नद्वेष, अधूनमधून ढाळ, आणि कशातच लक्ष नसणे. आजी म्हणत होत्या, “आता गप असतो, त्रास देत नाही.” रुग्ण गप्प झाला हे सुधारणेचे लक्षण नव्हते, ते बलक्षयाचे होते.

त्या क्षणी माझा हात पुनर्नवेकडे गेला होता हेही प्रांजळपणे लिहितो. शोथ दिसला की पुनर्नवा, हा आपल्या सर्वांच्या हातवळणीचा भाग आहे. सुदैवाने विचार सुचला आणि मुलाला त्याच दिवशी भोरला रुग्णालयात पाठविले. तेथून पोषण पुनर्वसन केंद्रात त्याची व्यवस्था झाली. मूल वाचले आणि पुढे सुधारलेही. परंतु पहिल्या भेटीतच हे ओळखता आले असते, ही गोष्ट राहतेच.

शास्त्रविचार

घरी परतल्यावर माधवनिदानातील बालरोग प्रकरण पुन्हा उघडले. गर्भिणी मातेचे स्तन्य पिणाऱ्या बालकास कास, अग्निमांद्य, छर्दी, तंद्रा, कार्श्य, अरुची, भ्रम आणि कोष्ठवृद्धी होते, त्यास पारिगर्भिक म्हणावे, आणि तेथे अग्निदीपन करावे असा तेथील आशय आहे. सुटलेले पोट, कृशता, अन्नद्वेष, मंदपणा : उंबऱ्यावरचे ते मूल जसेच्या तसे तेथे वर्णिलेले आहे. कोष्ठवृद्धी दिसली आणि मी कृमी म्हणालो.

याच व्याधीचे दुसरे नाव ‘परिभव’ असे आहे. परिभव म्हणजे तिरस्कार, पराभव, मानखंडना. विद्यार्थिदशेत हा पर्याय केवळ पाठांतरापुरता वाटला होता. आज असे वाटते की, ज्याने हे नाव ठेवले त्याने लक्षणसमुच्चयाबरोबर त्या मुलाची घरातील अवस्थाही पाहिली असावी. कालपर्यंत जी कूस त्याची होती ती आज दुसऱ्याची झालेली असते.

काश्यपसंहितेतील फक्करोगाचा विचारही येथे जोडून पाहावा. काश्यपांनी फक्काचे क्षीरज, गर्भज व व्याधिज असे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी गर्भज फक्कात, माता गर्भिणी झाल्याने स्तन्य लवकर निवर्तते, त्यामुळे बालक क्षीण होते, प्रसंगी दगावतेही, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे माधवकरांनी गर्भिणीचे स्तन्य पिण्याकडे बोट दाखविले, तर काश्यपांनी ते स्तन्य तुटण्याकडे. दोन आचार्य एकाच मुलाकडे दोन बाजूंनी पाहात आहेत. फक्कासाठी काश्यपांनी जो तीन चाकांचा रथ सांगितला आहे तो आपल्याकडचा पांगुळगाडाच होय. पाय न धरणाऱ्या मुलाला पुन्हा चालते करणे हा चिकित्सेचा भाग आहे, ही दृष्टी त्यात दिसते.

सूतिकेविषयी चरकाचार्यांचे म्हणणे सर्वपरिचित आहे. गर्भवृद्धीने धातू शिथिल झालेले, प्रवाहणवेदना व क्लेद-रक्ताच्या स्रावाने शरीर शून्य झालेले, म्हणून सूतिकेचा व्याधी कृच्छ्रसाध्य वा असाध्य ठरतो. सुश्रुतांनी सूतिकाकाळ दीड महिन्याचा मानला आणि काश्यपांनी तो सहा महिन्यांपर्यंत नेला. सुश्रुतांनी स्तन्यनाशाच्या कारणांत क्रोध, शोक आणि अवात्सल्य यांची गणना केली आहे. या तिन्ही गोष्टी त्या माजघरात उपस्थित होत्या. एक मूल रडते म्हणून आईने दुसऱ्याला दटावावे, ते रडले की तान्हे दचकावे, आणि दोघांच्या मध्ये भाताचे आधण उतू जावे, अशा दिवसात शतावरी कल्प कितीसा उपयोगी पडणार?

आधुनिक मताशी तुलना

सन १९३३ मध्ये डॉ. सिसिली विल्यम्स यांनी आफ्रिकेतील तत्कालीन गोल्ड कोस्ट येथे, म्हणजे आजच्या घानात, पाहिलेल्या बालकांचे वर्णन प्रसिद्ध केले. एक ते चार वर्षांची मुले, अंगावर सूज, केस व त्वचेचा रंग बदललेला, स्वभाव किरकिरा. १९३५ मध्ये त्यांनी या व्याधीला तेथील गा भाषेतील ‘क्वाशिओरकोर’ हे नाव वापरले. पाठचे मूल जन्मल्यावर आधीच्या, पदच्युत झालेल्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. समुद्रापलीकडील आयाबायांनी दिलेले नाव आणि आपल्या ग्रंथातील ‘परिभव’ यांचा आशय एकच निघावा, हे विचार करण्यासारखे आहे.

एका मुद्द्यावर मात्र आपण ग्रंथार्थ विवेकाने घ्यावा. गर्भारपणाचे दूध ‘बाधते’ या समजुतीने आपल्याकडे दिवस राहिल्याचे कळताच अंगावरचे मूल तडकाफडकी तोडतात. उपरोक्त मुलाचेही चौदाव्या महिन्यात असेच झाले होते. त्याच्या जागी त्याला मिळाले ते पातळ भाताची पेज आणि चहात बुडविलेले बिस्कीट. गर्भारपण निर्वेध असेल तर स्तनपान चालू ठेवण्यास सामान्यतः प्रत्यवाय नाही, आणि स्तनपान दोन वर्षे व त्यापुढेही चालावे अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पूर्वी गर्भपात वा अकाली प्रसूती झाली असेल तेथे तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. मूल तोडावेच लागले तर क्रमाने तोडावे, हे तर आपलेच शास्त्र सांगते. वाग्भटांनी अपस्तन्य बालकासाठी प्रियालमज्जा, यष्टिमधु, मधु, लाजा व सितोपला यांचा प्रीणन मोदक सांगितला आहे. अंगावरून दूध काढून घेतले की त्याच्या जागी काहीतरी द्यायचे असते, हे त्यातील सूत्र आहे. चारोळीचा मोदक परवडणारा नसेल तर सूत्र तेच ठेवून द्रव्य बदलावे.

परीक्षण

नवजाताच्या घरी गेल्यावर सहा महिने ते पाच वर्षांच्या प्रत्येक मुलाचे पुढीलप्रमाणे परीक्षण करावे. त्यास पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

१. अंगातील कपडे काढून फासळ्या, कुल्ले व मांड्या पाहाव्यात.

२. दोन्ही पावलांवर अंगठ्याने काही सेकंद दाबून खळगा राहतो का ते पाहावे.

३. डाव्या दंडाच्या मध्यभागी फितीने घेर मोजावा. १२.५ सें.मी. पेक्षा कमी भरल्यास कुपोषण, ११.५ सें.मी. पेक्षा कमी भरल्यास तीव्र कुपोषण समजावे.

४. भूक विचारू नये, समोर खाऊ घालून पाहावी. भूक मेलेली असणे हे गंभीर लक्षण आहे.

५. अंगावरचे दूध केव्हा व कसे सुटले, त्यानंतर काय खायला मिळाले, हे विचारावे.

६. लसीकरणाचे कार्ड मागावे. तान्ह्याला डांग्या खोकल्याची पहिली लस सहाव्या आठवड्यात मिळते. तोवर थोरल्यांचे राहिलेले डोस पूर्ण असणे हेच त्याचे रक्षण.

दोन्ही पायांवर शोथ असलेले किंवा ११.५ सें.मी. खालील मूल त्याच दिवशी रुग्णालयात तपासणीस पाठवावे. अशा मुलास मूत्रल द्रव्ये देऊ नयेत. हा शोथ मूत्रल औषधाने उतरविण्याचा नव्हे. त्याने हानी होते. विरेचन देऊ नये, लंघन देऊ नये. आरंभीच्या काळात लोह देऊ नये. मुलाचे अंग गार पडू देऊ नये आणि थोडे थोडे अन्न वारंवार चालू ठेवावे. येथे आपला धर्म लवकर ओळखण्याचा व पोचविण्याचा आहे.

धोक्याची लक्षणे नसलेल्या, भूक शाबूत असलेल्या पारिगर्भिकात अग्निदीपन हेच सूत्र. कास-अतिसारानुबंध असल्यास बालचतुर्भद्र (मुस्ता, पिप्पली, अतिविषा, कर्कटशृंगी) वय व बल पाहून योजावे. मधाचे अनुपान एक वर्षावरील बालकासच द्यावे. एक वर्षाच्या आत मध कोणत्याही रूपाने, घुटीतूनही, देऊ नये. त्यातून बोट्युलिझमचा धोका असतो. तान्ह्यास तर सहा महिने आईच्या दुधाखेरीज घुटी वा पाणीही नको.

गृहदिनचर्या : चिठ्ठीचा दुसरा भाग

औषधयोजना लिहून झाल्यावर मी आता कागदाच्या पाठीमागे त्या घराची दिनचर्या लिहितो. ती लिहिताना सासूबाईंना व शक्य असल्यास बाळाच्या वडिलांना समोर बसवितो. कारण सूतिकेला ‘विश्रांती घ्या’ असे सांगणे म्हणजे तिच्या हाती नसलेली गोष्ट तिच्याकडून मागणे होय. कोणते काम कोणी करायचे हे ठरले तरच विश्रांती मिळते. हिर्डोशीच्या उपरोक्त घरी पुढे बसविलेली घडी नमुन्यादाखल देतो.

पहाटे : चूल पेटविणे व न्हाणीचे पाणी तापविणे हे काम आजीचे. कढत पाण्याचा हंडा मोरीत मुलांच्या हाताशी ठेवू नये. शेक-शेगडीची धुरी बंद खोलीत नको. ग्रंथोक्त धूपनही वस्त्रांना द्यावे, बाळ-बाळंतीण व मुले तेथे नसताना.

सकाळी : तान्ह्याचे दूध झाल्यावर वीस महिन्यांच्या मुलाची पहिली वाटी. मोड आणून वाळवून दळलेल्या नाचणीच्या सत्त्वाची दाटसर खीर, त्यात चमचाभर तूप वा तेल, आणि जमल्यास दूध किंवा शेंगदाण्याचा कूट. मोड आणल्याने खीर घट्ट न होता अधिक पीठ सामावते, हा लाभ ध्यानात घ्यावा. सात वर्षांची मुलगी शाळेत जाते. तिने तान्हे सांभाळायचे नाही. शाळेतून आल्यावर दुपटी-लंगोट घडी करणे एवढेच तिचे काम.

अकराच्या सुमारास : साडेचार वर्षांचा मुलगा अंगणवाडीत. धाकट्याचा घरी न्यावयाचा पोषण आहार तेथूनच येतो. तो घरातील सर्वांत वाटला जाऊ नये, त्याच्या नावाच्या डब्यात राहावा.

दुपारी : अभ्यंगानंतर बाळंतिणीस दीड-दोन तास झोप. या वेळेत आजी वा शेजारीण धाकट्याला पडवीत घेऊन बसते.

दिवसभर : तान्हे दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पिते. त्यांपैकी दिवसाच्या पाच वेळा ठरवून, आई पाजायला बसली की धाकट्याने तिच्या दुसऱ्या अंगाला बसायचे आणि त्याच्या हातात त्याची स्वतःची वाटी द्यायची. घडीतील हा नियम मला सर्वांत फलदायी वाटला. एकीकडे त्याचे पाच वेळचे खाणे होते, दुसरीकडे आईची कूस त्याच्यापासून हिरावली जात नाही. तान्ह्याला दूध मिळते तेव्हा आपल्यालाही काही मिळते, हे त्याला भाषेवाचून कळते. तो अजून अंगावर पीत असेल तर तान्ह्याचे पोट प्रथम भरावे, मग त्याचे.

सायंकाळी : वडील घरी असतील तर धाकट्याला भरविणे हे त्यांचे काम. नसतील तर आजोबांचे. रात्री धाकट्याची पथारी आईपासून एकदम दूर करू नये, परंतु तान्हे दोघांच्या मध्ये निजवू नये.

थोरली मुले या काळात पुन्हा अंथरूण ओले करतात, चावतात, बोबडे बोलू लागतात. त्यांना बागुलबुवाचे भय दाखवू नये. बालकास भिववू नये हा चरकाचार्यांचा स्पष्ट उपदेश आहे. ‘आता तू मोठा झालास’ हे वाक्य दोन वर्षांच्या मुलास शंभरदा ऐकविण्यापेक्षा त्याला दिवसातून एकदा एकट्याला मांडीवर घ्यावे.

औषधालय-चालकांसाठी

बाळंतकाढ्याच्या बाटल्या, शतावरी कल्प, घुटीचे साहित्य घ्यायला येणारी व्यक्ती बहुधा बाळंतीण नसते. आजी, नवरा वा दीर येतो. त्या वेळी पुढील तीन गोष्टी कराव्यात.

पहिली : “घरात आणखी लहान मुले किती?” हा प्रश्न विचारावा आणि औषध उंच, कडी असलेल्या कपाटात ठेवण्यास सांगावे. हिर्डोशीच्या घरी लोहाच्या लाल गोळ्यांची पट्टी खालच्या कोनाड्यात होती आणि धाकटा तिच्याशी खेळत होता. प्रसूतीनंतर सहा महिने घ्यावयाच्या या गोळीत ६० मि.ग्रॅ. लोह असते. ती लाल, गोड आवरणाची, मुलास खाऊसारखी दिसणारी. वजनाच्या प्रत्येक किलोमागे ६० मि.ग्रॅ. लोह पोटात गेल्यास प्राणावर बेतू शकते. म्हणजे आठ किलोच्या मुलास आठ गोळ्या पुरतात, आणि त्याहून कमी गोळ्यांनीही विषबाधा होते. एकही गोळी गिळल्याचा संशय आल्यास वाट न पाहता रुग्णालयात न्यावे. आसवारिष्टांच्या बाटल्यांनाही हाच दंडक लावावा.

दुसरी : दंडघेराची फीत दुकानात टांगून ठेवावी. कडेवर मूल असेल तर मोजून द्यावे.

तिसरी : मुलासाठी ‘जंताचे औषध’ मागितल्यास त्याच्या पाठीवर बाळ झाले आहे काय, हे विचारावे. उत्तर होय असेल तर पुडी बांधण्यापूर्वी मूल वैद्यास दाखविण्यास सांगावे.

आशाताईंशी सहकार्य

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजातांची घरोघर काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे ती पद्धती देशभर स्वीकारली गेली. आज रुग्णालयात प्रसूती झालेल्या घरी आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी जाते. पाजणे सोडलेले, गार वा तापलेले, मिनिटाला ६० वा अधिक श्वास घेणारे, आचके देणारे तान्हे तिला ओळखता येते. वैद्याने तिच्याशी बोलून, त्याच भेटीत आधीच्या मुलाचा दंडही मोजण्याची विनंती करावी. पावसाळ्यात घाटरस्ता बंद पडण्याची शक्यता असलेल्या गावी तर जाण्यायेण्याची सोय आधीच ठरवून ठेवावी.

शेवटी पाळणा लांबविण्याचा विषय. एका प्रसूतीनंतर पुढचा गर्भ राहण्यात किमान दोन वर्षांचे अंतर असावे, हे सांगण्यास आपण वैद्य संकोचतो. पारिगर्भिकाचे निदानपरिवर्जन याहून वेगळे कोणते? सूतिकाकाळ संपण्यापूर्वी पतिपत्नी दोघांनाही समोर बसवून हा सल्ला द्यावा आणि साधनांसाठी आरोग्य केंद्राकडे पाठवावे.

उपसंहार

तीन महिन्यांनी, भात निसवायच्या सुमारास, त्या घरी पुन्हा गेलो. तान्हे अंगाने भरले होते. बाळंतिणीची कंबर अजून धरत होती. लहान मुलाच्या दंडाचा घेर १२.८ सें.मी. भरला. मी आत शिरताच तो कोनाड्यातली आपली पितळेची वाटी घेऊन आला आणि आईच्या डाव्या अंगाला जाऊन बसला. आई त्या वेळी तान्ह्याला पाजीत होती.

वैद्यबंधूंना विनंती एवढीच की, पुढच्या वेळी बाळंतिणीची चिठ्ठी लिहून झाली की उठण्यापूर्वी विचारावे : ह्याच्या आधीचे मूल कोठे आहे? त्याला बोलवा, पाहू द्या.